पोट भरतं, अंगी लागत नाही

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपण्याआधीच बीरगांव सुरू होतं. एका अंगाला उरला औद्योगिक क्षेत्र, पुढे सिलतरा. रोलिंग मिल, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, मालट्रकांची रांग. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसणं हे इथलं रोजचंच. या कारखान्यांनी छत्तीसगडच्या खेड्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून माणसं ओढून आणली, कामाला लावली, आणि गावाची नगरपालिका, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्या वेळी तरणीताठी असलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. छत्तीसगढीत वडीलधाऱ्या माणसाला ‘सियान’ म्हणतात. शहाणा, जाणता असा अर्थ त्यात मुरलेला आहे. या सियानांच्या ताटात काय पडतं, हे मला इथे मांडायचं आहे.

बीरगांव निवडण्याचं कारण आहे. तिथे धान्य नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. छत्तीसगड म्हणजे धानाचं कोठार आणि रेशनव्यवस्थेच्या बाबतीत देशात नाव काढलेलं राज्य. २००४ मध्ये या राज्याने खासगी दुकानदारांकडून रेशन दुकानं काढून ती पंचायती, सहकारी संस्था आणि बचतगटांच्या हाती दिली. देशाचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. छत्तीसगडने स्वतःचा कायदा त्याच्या आधी, डिसेंबर २०१२ मध्येच केला होता. आज अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. प्राधान्य गटातल्या एकट्या माणसालाही १० किलो तांदूळ मिळतो. ‘एकल निराश्रित’ या नावाचं वेगळं कार्डच तिथे आहे. ज्याला कोणी नाही अशा माणसासाठी ते असतं, आणि त्यावर १० किलो तांदूळ फुकट मिळतो. देशात इतरत्र प्राधान्य गटाला माणशी पाच किलो मिळतात हे लक्षात घेतलं, तर हे दुप्पट झालं.

मग म्हातारी माणसं वाळलेली का?

एका आजीचा हिशेब मांडून बघू. वजन ४५ किलो, वय सत्तरच्या पुढे, एकटी. महिन्याचे १० किलो म्हणजे रोजचे सुमारे ३३० ग्रॅम तांदूळ. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी आणि आठ ग्रॅमच्या आत-बाहेर प्रथिनं असतात. ३३० ग्रॅममधून अकराशे-साडेअकराशे कॅलरी आणि २६ ग्रॅम प्रथिनं मिळतील. पण ३३० ग्रॅम तांदूळ शिजला की जवळपास किलोभर भात होतो. सत्तरीची आजी दिवसाला किलोभर भात खाईल का? ती खाते त्याच्या निम्मा, फार तर थोडा जास्त. बाकीचा नातवंडांच्या ताटात जातो, किंवा तेल-मिठासाठी विकला जातो. तिच्या पोटात २०० ग्रॅम तांदळाचा भात गेला असं धरलं तरी प्रथिनं होतात १६ ग्रॅम.

गरज किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेलं प्रमाण आहे, किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे या आजीला ३७ ग्रॅम. वार्धक्यातल्या पोषणाचा खास अभ्यास करणारे तज्ज्ञ आणखी वर जातात. त्यांच्या मते उतारवयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवीत, कारण म्हाताऱ्या शरीराला तेवढाच स्नायू टिकवायला जास्त कच्चा माल लागतो. त्या हिशेबाने ४५ ते ५४ ग्रॅम. मिळतात १६. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक तोकडा असतो. डाळीत तो भरपूर असतो. आपल्या पूर्वजांना लायसिन ठाऊक नव्हतं, तरी भातावर वरण वाढायची रीत त्यांनी घालून दिली. ताटातलं वरण गेलं की त्या रीतीतला जीवच जातो.

डाळ त्या राज्याच्या कायद्यात होती, हे मुद्दाम सांगायला हवं. २०१२ च्या कायद्यात अनुसूचित भागातल्या गरीब कुटुंबांना महिन्याला दोन किलो चणे पाच रुपये किलोने, आणि इतर भागांत दोन किलो डाळ दहा रुपये किलोने, असं लिहिलं होतं. चणे आज आदिवासी पट्ट्यात मिळतात. रायपूरच्या मैदानी भागातल्या गरिबाच्या पिशवीत मात्र मुख्यतः तांदूळच पडतो. माझ्या मते बीरगांवच्या म्हातारपणातली खरी उणीव हीच आहे. तांदळाचं काम या राज्याने देशाला शिकवावं असं केलं. डाळीचं काम अर्धवट राहिलं.

आता दुसरी बाजू, पैशाची. कंत्राटी कामगार म्हणून ज्याने पंचवीस-तीस वर्षं भट्टीपुढे काढली आणि ज्याचा भविष्यनिर्वाह निधी कधी कापलाच गेला नाही, त्याला निवृत्तिवेतन कुठलं? ज्यांचा कापला गेला त्यांनाही ईपीएस-९५ योजनेतलं किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार रुपये, २०१४ पासून तेवढंच. ज्यांच्याकडे हेही नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन आहे. ती १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, नंतर तिला इंदिरा गांधींचं नाव मिळालं. साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत केंद्राचा वाटा २०० रुपये, ऐंशीनंतर ५००. हे दोनशे रुपये २००७ पासून हललेले नाहीत. छत्तीसगडने आपली भर घालून २०२३ मध्ये रक्कम ५०० केली. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत त्याच वर्षी १,५०० रुपये झाले.

पाचशे भागिले तीस. दिवसाला साडेसोळा रुपये.

त्या साडेसोळा रुपयांत आजीचं ताट भरून बघू. ४० ग्रॅम मूगडाळ, नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. एक अंडं, सहा. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे, सहा. २० ग्रॅम सोयाबीन वडी, दहा. कपभर दूध, सहा. भाताची सोळा यात मिळवली की बेरीज पन्नासच्या वर जाते, आजीची गरज भागते. या जिनसांना साधारण तीस रुपये लागतात. दूध वगळलं तरी अठरा-वीस. म्हणजे पेन्शन डाळ-अंड्यातच संपली आणि तरी पुरली नाही. तेल, मीठ, गॅस, रक्तदाबाची गोळी, अंगाचा साबण सगळं बाकी. जो म्हातारा ‘मला भातच बरा वाटतो’ म्हणतो, त्याचं बोलणं आवडीचं समजू नये. त्याने मनातल्या मनात हा हिशेब कधीच करून टाकलेला असतो.

आपल्या घरांतही एक वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘या वयात आता मला काय लागतंय?’ आजी ते म्हणते, सून ते खरं मानते, आणि ताट लहान होत जातं. भूक कमी होते हे खरंच आहे. वय वाढतं तसं जठर पूर्वीसारखं सैल पडत नाही, चार घासांत पोट गच्च वाटतं. जिभेची चव आणि नाकाचा वास मंदावतो. दात गेलेले असतात, कवळी बसत नाही, म्हणून चणे-फुटाणे, भाकरी, मटण हे सगळं हळूहळू सुटतं आणि राहतो मऊ भात, चहा-बिस्किट. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे बी-१२ जीवनसत्त्वाची शरीरातली आवक घटते. यातून निघणारा निष्कर्ष मात्र आपण उलटा काढतो. भूक कमी म्हणून खाणं कमी, हे चुकतं. घास मोजकेच जाणार असतील तर प्रत्येक घासात जास्त कस हवा.

कस गेला की आधी स्नायू जातात. चाळिशीनंतर ते हळूहळू झिजतातच. साठीनंतर ती झीज वेग घेते. अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये तिला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिलं. पाटावरून उठताना हात टेकावा लागणं, संडासला बसून उठता न येणं, पाण्याची बादली न उचलवणं या त्याच्या पायऱ्या. त्यापुढची पायरी पडण्याची, खुब्याचं हाड मोडण्याची. कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाटातलं मूल येतं. पडून राहिलेली आजी येत नाही, कारण तिच्या मरणाच्या दाखल्यावर ‘वार्धक्य’ लिहून मोकळं होता येतं.

किती लोक असे आहेत? मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. साठीच्या पुढच्यांपैकी सुमारे २७ टक्के माणसं प्रमाणापेक्षा कमी वजनाची निघाली. दर चौघांत एक.

घरच्या घरी ओळखायची एक युक्ती जपानमध्ये वापरतात. म्हाताऱ्या माणसाने खुर्चीत बसावं, आपल्याच दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडं करावं. पोटरी कड्यात मावत नसेल तर बरं. कडं ढिलं राहून फट दिसली तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. टेप असेल तर पोटरीचा घेर मोजा. ३१ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ती धोक्याची खूण मानतात. आपल्या बायकांना टेपही लागत नाही. हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते, अंगठी बोटात फिरते, पोलक्याला टिपा घालाव्या लागतात, यावरून त्या बरोबर ओळखतात. तीन महिन्यांत तीन किलोंपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावं. क्षयरोग, कर्करोग, थायरॉइड, नैराश्य यांतलं काहीही मागे असू शकतं. एक फसगत ध्यानात ठेवा: पायांवर सूज असली तर माणूस आहे त्यापेक्षा भरलेला दिसतो.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून थोडं थांबतो, कारण ही गोष्ट छत्तीसगडमधूनच सुरू होते. बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग नावाचं रुग्णालय आहे. दिल्लीच्या एम्समधून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी खेड्यात येऊन ते उभं केलं. तिथे क्षयाच्या रुग्णांची वजनं-उंच्या मोजल्यावर दिसलं की रुग्ण नुसते बारीक नव्हते, उपासमारीच्या काठावर होते. त्या अनुभवातून पुढे डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये मोठा प्रयोग केला. क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या घरांना हे धान्य मिळालं तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात तर ४८ टक्क्यांनी. तांदळाबरोबर दीड किलो डाळ होती, हे त्यातलं वाचण्यासारखं. धूळ-धुराच्या वस्तीत, कोंदट खोलीत, वाळलेल्या शरीराने राहणाऱ्या सियानाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडतो असं नाही, पण त्याच्यासाठी डाळ हे औषधासारखं आहे एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

आता मदतीकडे. ती आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला पाय आणि बोट दोन्ही लागतात. रेशन दुकानातल्या यंत्राला बोटाच्या रेघा हव्या असतात. सळया, विटा, सिमेंट हाताळून ज्यांच्या रेघा झिजल्या, त्यांचं बोट यंत्राला पटत नाही. अशा वेळी विश्वासातल्या माणसाला ‘नॉमिनी’ म्हणून नोंदवून त्याच्या बोटावर धान्य घेण्याची सोय आहे. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही, मागावी लागते. साठीच्या पुढचा, उत्पन्नाचा भरवसा नसलेला माणूस अंत्योदयच्या निकषात बसतो. कार्ड चुकीच्या गटात असेल तर बदलून घेता येतं. पेन्शन मिळायला हवी आणि मिळत नाही अशा पासष्टीवरच्या माणसासाठी केंद्राची २००० सालची अन्नपूर्णा योजना आहे. महिना दहा किलो धान्य फुकट. पेन्शन महिन्याच्या सात तारखेच्या आत हाती पडली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सांगितलेलं आहे. तो खटला पीयूसीएल या संघटनेने चालवला होता. उशीर झाला तर ही तारीख अर्जात लिहावी.

शिजलेल्या अन्नाची सोयही छत्तीसगडमध्ये आहे. अन्नपूर्णा दाल-भात केंद्रं स्वस्तात ताट देतात. कामगारांसाठी पाच रुपयांत जेवण देणारी योजना आहे, तिला शहीद वीर नारायण सिंह यांचं नाव आहे. सोनाखानचे हे जमीनदार. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी सावकाराचं धान्याचं कोठार फोडून उपाशी लोकांना धान्य वाटलं, आणि १० डिसेंबर १८५७ ला इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिली. नाव अगदी योग्य आहे. अडचण एवढीच की ताट केंद्रावर मिळतं आणि म्हातारं माणूस खाटेवर असतं. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तिचीही मर्यादा हीच. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, ताट चांगलंच. पण रांगेत उभं राहता येणाऱ्यासाठी. शाळेतल्या मुलाला, अंगणवाडीतल्या बाळाला, गरोदर बाईला शिजलेलं किंवा पूरक अन्न देण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर आहे. म्हाताऱ्यासाठी तसं कलम राष्ट्रीय कायद्यात नाही. तमिळनाडूने मात्र शाळेच्या पोषण आहार केंद्रातच वृद्ध पेन्शनधारकांना दुपारचं जेवण द्यायची वाट पाडली. स्वयंपाकघर तेच, चूल तीच, पाच-दहा ताटं जास्त. छत्तीसगडमध्ये आणि महाराष्ट्रातही शाळेचा पोषण आहार अनेक ठिकाणी बचतगटांच्या बायकाच शिजवतात. मला हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वाटतो.

आणि मितानिन. छत्तीसगढीत मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. २००२ पासून या राज्यात वस्तीतलीच एक बाई आरोग्याची मितानिन म्हणून निवडली जाते. देशभरातली ‘आशा’ तिच्यानंतर, २००५ मध्ये आली. कोणत्या खोलीतली आजी दोन दिवस बाहेर आली नाही, कोणाची चूल पेटली नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. आयुष विभागाने वृद्धांसाठी ‘सियान जतन’ नावाचा बाह्यरुग्ण विभाग गुरुवारी चालवायला घेतला, तिथे माणूस न्यायचं कामही बहुतेक तीच करते. सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च भागतो. त्यातून खुब्याचं हाड बसवता येईल. हाड मोडू नये म्हणून लागणारी वाटीभर डाळ मात्र त्यात बसत नाही.

मुलं असूनही जेवायला देत नाहीत अशी घरं आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे जाऊन महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. वकिलाची गरज नसते. पण बीरगांवसारख्या ठिकाणी बऱ्याचदा मुलगा स्वतःच रोजंदारीवर असतो, काम नसलं की त्याच्याही घरी दोनदा चूल पेटत नाही. तिथे आई खटला भरत नाही, ती आपला घास कमी करते. तिला दोष देऊ नये आणि मुलालाही सरसकट देऊ नये.

एकटेपण हा यातला मोठा भाग आहे. एकट्यासाठी कोण फोडणी घालतं? सकाळचा भात पाण्यात घालून रात्री खाल्ला की झालं. अशा पाण्यातल्या भाताला छत्तीसगडमध्ये बासी, बोरे म्हणतात, आणि उन्हाळ्यातलं ते उत्तम अन्न आहे. २०२२ पासून १ मेला तिथे बोरे-बासीचा दिवसही साजरा झाला. पूर्व विदर्भातल्या वाचकांना ही चव ओळखीची वाटेल. त्या बासीबरोबर मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, उडदाची रखिया बडी, कांदा आणि दही असेल तर ताट पुरं होतं. नुसती बासी, वर मीठ आणि मिरची, हे सियानाचं रोजचं जेवण होऊ नये. मऊ हवं असेल तर मुगाची खिमट, दुधात कालवलेलं सातूचं पीठ, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, अंड्याची भुर्जी. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आणि खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट वाढू नये. क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. आधी पेज, पातळ खिचडी, आणि डॉक्टरांचा सल्ला.

रायपुरात मराठी माणसाची वस्ती जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून घराणी तिथे रुजली. महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभं आहे. भिलाई, बिलासपूर, नागपूर, गोंदिया, पुणे, जिथे जिथे अशी मंडळं, भजनी मंडळं, महिला मंडळं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. गणपतीत, वर्षश्राद्धाला, वाढदिवसाला अन्नदान करताना तांदूळ-गव्हाची पोती देऊ नका. ती सरकार देतं. डाळ द्या, शेंगदाणे द्या, अंडी द्या, आणि एकदाच देण्यापेक्षा दर महिन्याला द्या. एका वस्तीतली दहा म्हातारी माणसं निवडा, त्यांच्या मितानिनला किंवा आशाताईंना विचारून. महिन्याला माणशी दीड किलो डाळ म्हणजे दहा जणांना पंधरा किलो. हे कोणत्याही मंडळाला झेपतं. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसून जेवा.

आणि आपल्या ओळखीत कोणी वाळत चाललेलं दिसलं, कार्ड, पेन्शन, घरच्यांचा जाच, काहीही अडलं असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभराचा दूरध्वनी क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत. सकाळी आठ ते रात्री आठ तो चालू असतो, रविवारीही.